गज खाली की वर?

घाटकोपर (पूर्व),
सोमवार, सकाळ

प्रिय गुणाजी,

सपनाच्या हाती तू पाठवलेली दोन्ही तिकिटे पोहोचली. त्यांपैकी एकाच्या खुर्चीवर मी बसलो. दुसऱ्या खुर्चीचे काय झाले ते पुढे योग्य जागी येईल. माझी रीत तुला ठाऊक आहे: आधी गृहीतके, मग पुरावा, आणि सर्वांत शेवटी निष्कर्ष. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला दुसरी रीत शोभतही नाही. आज मात्र ती मोडतो आणि निष्कर्ष आरंभीच लिहून टाकतो: काल संध्याकाळपासून मी आनंदाने थाऱ्यावर नाही. चहा दोनदा गार झाला. टेबलाशी बसून मी हवेत हात फिरवत होतो, तेव्हा शेजारच्या गॅलरीतल्या राजेशने मला पाहिले आणि अत्यंत सहानुभूतीने विचारले, "सर, तुमच्याकडे पण डास वाढलेत का?" मी हो म्हणालो. खरे कारण समजावण्यास शुबर्टपासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्याला ऑफिसला उशीर होत होता.

तिकिटे देताना सपना दारातच उभी राहिली होती. तिने तुझा निरोप शब्दशः सांगितला: "बाबा म्हणाले, दोन्ही जागा धोंड्यालाच दे, कुणालाही घेऊन जाऊ दे. मला आता त्याचा काय उपयोग?" मग चपला पायांत सरकवता सरकवता, जणू सहज आठवले म्हणून, ती पुढे बोलली: "काका, दिवसभर टीव्हीचा आवाज बंद करून क्रिकेट बघतात. व्हायोलिन कुणाला तरी देऊन टाका म्हणून मागे लागलेत. तुम्ही बोला ना काहीतरी." बोलण्याचा मार्ग तुझ्या बाबतीत गणपतीनंतरच्या त्या तापाने बंद केला आहे, हे तिला कळत नव्हते असे नाही. तुझा डावा कान पूर्ण गेला आणि उजव्यात यंत्र बसले. यंत्रातून माणसाचे बोलणे निम्मेशिम्मे पोहोचते, पण व्हायोलिन मात्र डब्याच्या पत्र्यावर खिळा ओढावा तसे ऐकू येते, असे तूच मला मुलुंडच्या घरी सांगितलेस आणि त्यानंतर विषय बदललास. म्हणून हे पत्र. पत्राला आवाज लागत नाही.

एक खबरदारी आधीच घेतो. त्या तापानंतर तुला भेटायला आलेल्या प्रत्येक सुशिक्षित माणसाने तुला बहिरा झाल्यावरही रचना करणाऱ्या बेथोव्हेनचा दाखला दिला असेल, आणि प्रत्येक वेळी तू मनातल्या मनात मालवणीत काहीतरी म्हणाला असशील. मी तो दाखला देणार नाही, कारण तो गैरलागू आहे. बेथोव्हेन रचनाकार होता. त्याचे काम त्याच्या डोक्यात होत असे. तू वाजवणारा आहेस. तुझे काम शेजाऱ्याचा सूर ऐकून आपला त्यात मिसळण्याचे. दोघांचे नुकसान एकाच जातीचे नाही. ज्या उपमेत दोन्ही बाजू जुळत नाहीत ती उपमा सांत्वन करत नाही, फक्त चिडवते. तेव्हा ते नाव येथेच सोडून देऊ.

आपला जुना वाद मात्र पुन्हा उघडणे आवश्यक आहे. तुझे वडील गिरणीतून येऊन आडवे झाले की तू खिडकीशी व्हायोलिन घेऊन उभा राहायचास. कुर्ल्याच्या ख्रिश्चन गावातल्या फर्नांडिस मास्तरांनी तुला शिकवायला घेतले होते, आणि शेजारच्या आमच्या खोलीत बसून मी वादविवाद स्पर्धेची भाषणे घोकायचो. तुझ्या त्याच त्या सरावाने माझे मुद्दे विस्कटायचे. पुढे तू स्टुडिओतल्या मोठ्या ताफ्यात सेकंड व्हायोलिन, म्हणजे साथीच्या गटातले व्हायोलिन, वाजवू लागलास, आणि शहरात परदेशी वाद्यवृंद आला की मलाही ओढून नेऊ लागलास. तेथून परतताना मी तुझ्यासमोर एक अनुमान मांडले होते, ज्याचा मला आजवर अभिमान होता. संगीत म्हणजे ध्वनी. वाद्यवृंदाचा संचालक कोणताही ध्वनी काढत नाही. म्हणून संचालक संगीत निर्माण करत नाही. रंगमंचावरची ती एकमेव अनावश्यक व्यक्ती होय. तू रस्त्यातच थांबून उसळला होतास: "मेल्या, बशीतलो कंडक्टर गाडी चालयता काय? पण तेची घंटी वाजल्याशिवाय ड्रायव्हर हलता काय रे?" मी म्हणालो, घंटी हा ध्वनी आहे, त्यामुळे दाखला तुझ्याच विरुद्ध जातो. त्यावर तू वडापाव माझ्या पैशांनी खाल्लास. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमानंतर आपण तोच खटला चालवला. निकाल लागला नाही, कारण दोघांनाही तो लागायला नको होता.

आणि ती तुझी दुसरी सवय. मी वाढलो ते रात्र रात्र चालणाऱ्या गायनाच्या बैठकांत. उत्तम जागा आली की तोंडातून दाद निघणे हे माझ्या दृष्टीने श्रोत्याचे कर्तव्य. तुझ्या त्या पाश्चात्त्य दरबारात मात्र मधे कोणी हूं की चूं करायचे नाही. एक भाग संपून दुसरा सुरू होण्याआधी जी शांतता असते तीत टाळी वाजवणे म्हणजे महापाप. म्हणून तू नेहमी माझ्या डाव्या हाताला बसायचास, आणि माझी मान डोलू लागली, ओठ हलू लागले, की तुझा पंजा माझ्या गुडघ्यावर येऊन दाबायचा. "गप रव. अजून संपाक नाय." इतक्या वर्षांत मी एकदाही चुकलो नाही. त्याचे श्रेय मी माझ्या संयमाला देत आलो. काल कळले की ते श्रेय त्या पंजाचे होते.

आता कालची हकीकत. मी घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला गेलो. सभागृह एका शाळेचे, खुर्च्या कडक, पंखे कार्यक्रमापुरते बंद. वाद्यवृंद आपल्याच उपनगरांतला: पहिल्या व्हायोलिनवर बोरिवलीचा एक दंतवैद्य, ट्रॉम्बोनवर बँकेतला अधिकारी, डबल बासवर एक उंच संगीतशिक्षिका जिला वाद्याला टेकून उभे राहिल्यावरच विश्रांती मिळत असावी. माझ्या डावीकडची खुर्ची तुझी. तिच्यावर मी माझी पिशवी ठेवली. त्यापलीकडे बसलेल्या बाईंनी, वनमालाबाई त्यांचे नाव, आपली पर्स तेथे ठेवू का विचारले. मी नाही म्हणालो. "कुणी यायचंय का?" "यायला हवे होते." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले, पर्स मांडीवर घेतली आणि थोड्या वेळाने न राहवून विचारलेच, "ऑर्केस्ट्रा म्हणून आले हो मी. पण गाणारे कुठायत? आणि निवेदक?" मी सांगितले, येथे कोणी गात नाही आणि कोणी बोलत नाही. त्या म्हणाल्या, "अगं बाई! मग कळणार कसं, काय चाललंय ते?" गुणाजी, हा प्रश्न सौंदर्यशास्त्रातला सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि तो त्यांनी चणे खाता खाता विचारला.

संचालक म्हणून आली ती खारदांड्याच्या कोळीवाड्यातली एक तिशीतली मुलगी, श्रुतिका तांडेल. परदेशात शिकून परतलेली. तिने प्रेक्षकांना नमस्कार केला, वळली, आणि बराच वेळ काहीच केले नाही. मी मनात म्हटले, झाला माझ्या सिद्धांताला पुरावा. मग तिचा उजवा हात जेमतेम हलला आणि जमिनीखालून आल्यासारखा चेलो आणि डबल बासचा एक सूर निघाला. शुबर्टची ती सिंफनी, जी त्याने अर्ध्यावर सोडली. तुझ्या घरच्या जुन्या कॅसेटवर मी ती ऐकली होती, तू डोळे मिटून बसलेला असताना. पण मी आजवर ती डोळे उघडे ठेवून कधी ऐकली नव्हती. व्हायोलिनांची ती बारीक, बेचैन थरथर सुरू झाली तेव्हा तिच्या डाव्या हाताची बोटे किंचित मिटली आणि थरथर तेवढीच बारीक झाली. ओबो आणि क्लॅरिनेट मिळून त्यांची लांब ओळ गाऊ लागले, तर ती त्यांच्याकडे पाहतदेखील नव्हती. हनुवटीने तिने त्यांना जागा करून दिली. आणि मग चेलोंवर ती धून आली, जी एकदा ऐकलेला माणूस भाजी आणतानाही गुणगुणतो. व्हायोलिनांनी ती उचलली, पुढे नेली, आणि मग, गुणाजी, तुला ठाऊकच आहे काय होते: वाक्याच्या मधोमध ती तुटते. पुढे कोणीच नाही. आख्ख्या एका ताल-आवर्तनाइतका कोरा मोकळेपणा. त्या क्षणी मी तिचे हात पाहिले. डावा पंजा उघडा, उजव्या हातातली छडी थांबलेली, पण सुटलेली नाही. साठेक माणसांचा श्वास तिने त्या छडीच्या टोकावर धरून ठेवला होता. रंगमंचावर एकही वाद्य वाजत नव्हते, आणि संगीत चालू होते. वाजवत होती ती फक्त एकटी.

आणि माझ्या तोंडून निघाले, "वा!"

पुटपुटलो नाही. बैठकीत पुढच्या ओळीत बसून देतात तशी, पोटातून आलेली दाद. गुडघ्यावर पंजा नव्हता, त्याचा हा परिणाम. शांततेत ती शाळेच्या घंटेसारखी घुमली. वनमालाबाईंनी खडबडून विचारले, "संपलं का?" सेकंड व्हायोलिनमधल्या दोघी खाली मान घालून हसल्या. श्रुतिकाचा पंजा तसूभरही हलला नाही, पण तिची पाठ हसली, असे मी शपथेवर सांगू शकतो. आणि पुढच्याच क्षणी सारा वाद्यवृंद कडाडून कोसळला. लाजेने माझे कान तापले होते आणि तरीही, गुणाजी, मी इतका सुखी गेल्या कित्येक वर्षांत झालो नव्हतो. दुसरा भाग संपला, टाळ्या झाल्या, तेव्हा वनमालाबाई डोळे पुसत होत्या आणि भांडतही होत्या: "पुढचं कुठाय? असं कसं मधेच सोडलं त्याने? कुणी विचारलं नाही का त्याला?"

आता माझ्या अनुमानाकडे वळू. त्यातले दुसरे विधान आजही अभेद्य आहे: संचालक ध्वनी काढत नाही. तेथे मी एक पाऊलही मागे जाणार नाही. पडले ते पहिले. संगीत म्हणजे ध्वनी, हे विधान काल त्या कोऱ्या जागेत माझ्या डोळ्यांदेखत खोटे ठरले, कारण तेथे ध्वनी नव्हता आणि संगीत होते. आता पुढची पायरी नीट पाहा. संगीत केवळ ध्वनी नसेल, तर ज्याचा ध्वनी गेला त्याचे सगळे संगीत गेले, हे म्हणणेही टिकत नाही. हा निष्कर्ष मी तुझी समजूत काढण्यासाठी ओढूनताणून आणलेला नाही. तो आपोआप निघतो. वाटल्यास पायरी पायरीने तपास आणि खोट दाखव. तुझे खंडन मी नेहमीसारखे आनंदाने ऐकेन.

कार्यक्रमानंतर मी श्रुतिकाला भेटायला मागे गेलो. माफी मागण्याचा हेतू होता. तिने संधीच दिली नाही. "ओ काका, ती वा तुमची ना? सेकंड व्हायोलिनची वाट लागली होती हसून हसून!" मी दिलगिरी व्यक्त करू लागलो तर म्हणाली, "टायमिंग चुकलं तुमचं, पण जागा एकदम बरोबर होती. तिथे मला कुणीच कधी दाद दिली नव्हती. देणार कसे, मी तिथे वाजवतच नाही ना काही!" मग मी तिला आपला जुना वाद सांगितला. तिने लगेच दाखला दिला की जाळे ओढताना एक जण हाक देतो, तो स्वतः दोर ओढत नाही. मी तो तेथल्या तेथे फेटाळला: हाक हा ध्वनी आहे. ती म्हणाली, "मग माझं काम त्याच्याहून कठीण, नाही का?" तुझ्या घंटीनंतर इतका चांगला प्रतिवाद मी ऐकलेला नाही.

तिला मी आणखी एक गोष्ट विचारली, कारण ती मला पहिल्या भागापासून खुपत होती. सेकंड व्हायोलिनच्या पुढच्या रांगेचे तारांवरचे गज खाली येत तेव्हा मागच्या रांगेतले निम्मे वर जात होते. ते ऐकू येत होते की नाही हे मला सांगता येणार नाही. दिसत मात्र स्पष्ट होते, जणू एका वर्गात अर्धी मुले 'हो' आणि अर्धी 'नाही' म्हणत आहेत. तिने कपाळावर हात मारला. "दिसलं ना? तेच तर! गज खाली ओढला की सुराला वजन येतं, वर ढकलला की हलका होतो. निम्मे वजन देणार, निम्मे काढून घेणार, तर सूर लंगडतो. प्रत्येकाच्या पानावर आधीच खुणा करून द्याव्या लागतात, आणि त्या करायला माझ्याकडे माणूस नाहीये. दंतवैद्याला वेळ नाही. मी पडले चेलोवाली, व्हायोलिनचा हात मला आतून माहीत नाही. सेकंड व्हायोलिनमध्ये आयुष्य काढलेला कुणीतरी हवाय, जो पेन्सिल घेऊन बसेल आणि सरावाला समोर बसून बघेल, कुणाचा हात चुकतोय." मी तिला सरळ विचारले, त्या माणसाला ऐकू येत नसेल तर? ती लगेच हो म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला नसता. तिने विचार केला. "खुणा करताना कोण वाजवतं काका? ते नजरेने आणि मनगटाने करतात. आणि सरावात मला कान भरपूर आहेत. डोळे कमी पडतात." मग म्हणाली, "आहे का असं कुणी? पाठवा ना." मी उत्तर दिले की पाठवणे माझ्या हाती नाही, तो मालवणी आहे.

तुला हे दयेचे काम वाटू नये म्हणून एवढेच नमूद करतो की मागची रांग मी तुझ्यासाठी चुकवलेली नाही. माझ्या पिशवीने राखलेल्या खुर्चीवर कोण बसायचा हे श्रुतिकाला कळण्याच्या कितीतरी आधीपासून ती चुकत होती. आणि शुबर्टबद्दल एक गोष्ट, जी तूच मला कधीतरी सांगितली होतीस आणि जिचे महत्त्व मला काल कळले. ही सिंफनी त्याने स्वतः एकदाही वाद्यवृंदाकडून ऐकली नाही. दोन भाग लिहून झाले, हस्तलिखित एका मित्राकडे गेले, आणि तो मित्र ते घरात ठेवून बसला. शुबर्ट गेल्यानंतर कित्येक वर्षांनी ते बाहेर आले आणि प्रथम वाजले. तोवर ती रचना कागदावरच होती. कोणाच्या तरी नजरेने ती वाचली, म्हणून वाजू शकली. बेथोव्हेनऐवजी तुला कोणी दाखला द्यायचाच म्हटले तर हा द्यावा. मात्र या गोष्टीत माझे लक्ष रचनाकाराकडे नसून त्या मित्राकडे आहे. व्हायोलिन कुणाला तरी देऊन टाका म्हणून तू मागे लागला आहेस, असे सपना म्हणाली. मी ते माझ्या कपाटात ठेवून घेण्यास नकार देत आहे. मला तो मित्र व्हायचे नाही.

म्हणून या पत्रासोबत हा जाड लिफाफा. त्यात पुढच्या कार्यक्रमातल्या हायडनच्या सिंफनीची सेकंड व्हायोलिनची पाने आहेत. श्रुतिकाने आज सकाळी प्रती काढून माझ्याकडे पोहोचवल्या. एकाही सुरावर खूण नाही. हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच होते; बाकी सारे तुला त्या पानांपर्यंत आणण्यासाठी लिहिले. सराव रविवारी जोगेश्वरीच्या शाळेत असतो आणि मी रिक्षा घेऊन तुझ्या दाराशी येणार आहे. उत्तर म्हणून मला पत्र नको, सपनाकरवी निरोपही नको. लिफाफ्यात पेन्सिल आहे. पहिल्या पानावरच्या पहिल्या सुराच्या डोक्यावर फक्त एक खूण कर: गज खाली असेल तर ती दाराच्या चौकटीसारखी, वर असेल तर ती इंग्रजी व्हीसारखी, जशी तू कुर्ल्याच्या खिडकीशी उभा राहून करायचास. आणि ते पान सपनाकडे दे. त्यावरून मला तुझे हो कळेल, आणि मागच्या रांगेला सुरुवात कोठून करायची तेही. दोन्हींपैकी काहीही न करता तू टीव्हीपुढे बसून राहिलास, तर मी तुझ्या उजव्या बाजूला, यंत्राच्या कानाशी, येऊन बसेन, तुझ्या गुडघ्यावर माझा पंजा ठेवेन आणि तुझेच वाक्य तुला मोठ्याने ऐकवेन, निम्मे पोहोचले तरी पुरे. माझा मालवणी उच्चार चुकेल, तो सुधारायला तरी तुला तोंड उघडावेच लागेल: गप रव, गुणाजी. अजून संपाक नाय.

तुझाच, आणि गुडघा अजून डावीकडेच ठेवून बसलेला,
धोंडिराम